दूरस्थ सर्व्हरवरील प्रवेशास होणारा विलंब : कारणे व निदान

दूर ठेवलेल्या संगणकावर जाळ्यामार्फत प्रवेश करण्याची आजची सर्वमान्य पद्धत म्हणजे एसएसएच, अर्थात सिक्युअर शेल. संकेतस्थळे चालविणारे सर्व्हर, महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळा, पतसंस्थांची हिशेबयंत्रणा, रुग्णालयांतील नोंदी यांची देखभाल करणारी मंडळी दिवसातून कितीतरी वेळा याच वाटेने आत जातात. एरवी हा प्रवेश सेकंदाच्या आत होतो. कधी कधी मात्र आज्ञा दिल्यानंतर पडदा स्तब्ध राहतो. दहा, वीस, प्रसंगी तीस सेकंदांनी पासवर्ड विचारला जातो, आणि एकदा आत शिरल्यावर तेच यंत्र अगदी चपळपणे काम करू लागते.

या वर्णनातील शेवटचा भाग निदानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. आत गेल्यावर यंत्र चपळ असेल, तर ते थकलेले नाही. प्रवेशाच्या वेळी ते कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत होते. अशा सर्व्हरची मेमरी वाढविली, प्रोसेसर बदलला किंवा नवे यंत्र विकत घेतले, तरी विलंब जसाच्या तसा राहतो, कारण नव्या यंत्रावरही जुनीच मांडणी उतरवली जाते. लहान संस्थांत असा खर्च प्रत्यक्षात होतो, आणि म्हणूनच या विषयाची तपशिलात ओळख करून घेणे आवश्यक ठरते. वाट पाहण्याचा कालावधी सहसा यादृच्छिक नसतो. पाच, दहा, पंचवीस, एकशे वीस हे आकडे कोणी ना कोणी आज्ञावलीत लिहून ठेवलेले असतात. घड्याळ लावून विलंब मोजला, तर तो आकडाच पुष्कळदा दोषाचे ठिकाण सांगतो.

या लेखात आज्ञा, फाइली व निवडी यांची नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष यंत्रावर ती रोमन अक्षरांतच टाइप करावी लागतात.

पार्श्वभूमी

एसएसएचचा जन्म 1995 साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविज्ञान विद्यापीठात झाला. विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरून ऐकण्याचा हल्ला झाल्यानंतर तेथील संशोधक तातू युल्योनेन यांनी ही पद्धत रचली. तोवर दूरस्थ प्रवेशासाठी वापरली जाणारी टेलनेट ही व्यवस्था पासवर्ड उघड्या अक्षरांत पाठवीत असे. एफटीपीचा पोर्ट 21 व टेलनेटचा 23. मधला 22 रिकामा होता, तो युल्योनेन यांनी मागितला आणि त्यांना मिळाला. 1999 मध्ये ओपनबीएसडी प्रकल्पातील मंडळींनी तयार केलेली ओपनएसएसएच ही मुक्त आवृत्ती आज लिनक्स व मॅक या यंत्रणांत सर्वत्र आढळते आणि 2018 पासून विंडोज 10 मध्येही ती सोबत येते. पुढील विवेचन तिलाच धरून, आणि सर्व्हर लिनक्सचा आहे असे मानून केले आहे.

प्रथम ठिकाण शोधावे

प्रवेशाची क्रिया बाहेरून एकसंध वाटली, तरी तिचे टप्पे आहेत. आपला संगणक सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधतो. मग जोडणी होते. दोन्ही यंत्रे गुप्त किल्ल्यांची देवाणघेवाण करतात. त्यानंतर वापरकर्त्याची ओळख पटविली जाते. ओळख पटल्यावर सर्व्हर सत्र उघडतो आणि शेवटी शेल सुरू होऊन आज्ञा घेण्यास सिद्ध होतो. विलंब यांपैकी कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरविण्याआधी मांडणीत एकही बदल करू नये. इंटरनेटवर वाचलेल्या चार उपायांचा एकाच वेळी प्रयोग केला, तर विलंब गेला तरी कशाने गेला हे कळत नाही, आणि उरलेले तीन बदल पुढे कायमचे घर करून राहतात.

टप्पा ओळखण्याचे साधन एसएसएचमध्येच आहे. आज्ञेसोबत 'व्ही' ही निवड तीनदा दिली की प्रत्येक पायरीचा संदेश पडद्यावर उमटतो. या संदेशांना वेळेचा शिक्का नसतो, तेव्हा ते वाहत असताना कोणत्या ओळीवर थांबतात ते डोळ्यांनी पाहावे, किंवा 'मोअरयुटिल्स' या संचातील 'टीएस' नावाच्या छोट्या उपकरणातून ते पुढे न्यावेत, म्हणजे प्रत्येक ओळीपुढे वेळ छापली जाते. 'कनेक्टिंग टू' या ओळीनंतर स्तब्धता असेल, तर दोष जोडणीच्या वाटेवर आहे. किल्ल्यांच्या देवाणघेवाणीच्या ओळीवर गाडी अडत असेल, तर पाकिटांच्या आकाराचा संशय घ्यावा. 'नेक्स्ट ऑथेंटिकेशन मेथड' या ओळींच्या आसपास खोळंबा असेल, तर ओळख पटविण्याच्या व्यवस्थेकडे वळावे. 'एंटरिंग इंटरॅक्टिव्ह सेशन' ही ओळ येऊन गेल्यावरही वाट पाहावी लागत असेल, तर सत्र उघडण्याचा किंवा शेलचा भाग संशयित ठरतो.

दुसरी चाचणी त्याहून सोपी आहे. 'टाइम' या आज्ञेखाली एसएसएच चालवून सर्व्हरवर केवळ 'ट्रू' ही काहीच न करणारी आज्ञा द्यावी आणि लागलेला वेळ टिपावा. ही फेरी झटपट पूर्ण झाली, पण नेहमीचा प्रवेश संथ असेल, तर दोष बहुतेक करून वापरकर्त्याच्या शेलच्या आरंभीच्या फाइलींत आहे. दोन्ही सारख्याच संथ असतील, तर तो त्याआधी आहे. सर्व्हरवर खुद्द त्याच यंत्रातून, म्हणजे 'लोकलहोस्ट' या नावाने, एसएसएच करून पाहणेही उद्बोधक असते. तेथेही विलंब दिसला, तर राउटर, ब्रॉडबँड आणि केबल या सर्वांना दोषमुक्त करता येते.

नावाचा शोध

या दोषाचे सर्वाधिक ख्यात कारण डीएनएस आहे, आणि त्याची ख्याती सार्थ आहे. जुन्या काळी वाड्याच्या दारावर पाहुणा आला, की देवडीवरचा माणूस त्याला बाहेर उभा करून 'हे कोणत्या गावचे, कोणाकडचे' याची चौकशी करण्यास आत निरोप्या धाडीत असे. एसएसएचचा सर्व्हरही असेच करीत आला आहे. जोडणी करणाऱ्या संगणकाचा अंकी पत्ता त्याला ठाऊक असतो. त्या पत्त्याचे नाव काय, हे तो डीएनएसला विचारतो, आणि नाव मिळाले तर ते नाव पुन्हा त्याच पत्त्याकडे नेते का, हेही पडताळतो. निरोप्या परतलाच नाही, तर पाहुणा दारात तिष्ठत राहतो. गंमत अशी, की पुरेशी वाट पाहून झाल्यावर देवडीवाला चौकशीविनाच त्याला आत सोडतो. त्यामुळे काही बिघडले आहे असे कोणाला वाटत नाही. प्रवेश संथ आहे, एवढेच जाणवते.

येथे आकड्यांचे महत्त्व स्पष्ट होते. लिनक्सच्या प्रचलित ग्रंथालयात, म्हणजे जीलिबसीमध्ये, डीएनएस सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्याचा मूळ अवधी 5 सेकंदांचा असून प्रयत्न 2 असतात. नोंदलेला एकमेव डीएनएस सर्व्हर मृत असेल, तर एका प्रश्नामागे 10 सेकंद जातात. दोन नोंदले असून पहिला मृत व दुसरा जिवंत असेल, तर प्रत्येक प्रश्नाला 5 सेकंदांचा भुर्दंड पडतो. प्रवेशाच्या एका क्रियेत असे एकाहून अधिक प्रश्न विचारले जाऊ शकतात. म्हणून विलंब पाचाच्या पटीत आढळला, की प्रथम 'ईटीसी' निर्देशिकेतील 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' ही फाइल उघडावी. इंटरनेट पुरविणारी कंपनी बदलली, राउटर नवा आला, पण सर्व्हरवर जुन्याच कंपनीच्या डीएनएसचा पत्ता राहून गेला, ही घटना कार्यालयांत नेहमीची आहे. फायरवॉलने पोर्ट 53 वरील बाहेर जाणारी वाहतूक गुपचूप टाकून दिली, तरी परिणाम तोच होतो.

उत्तर न मिळणे आणि 'असे नाव नाही' हे उत्तर मिळणे, यांत फार अंतर आहे. कार्यालयातील 192.168 ने किंवा 10 ने सुरू होणाऱ्या खासगी पत्त्यांना बाहेरच्या जगात नाव नसते. सुस्थितीतील डीएनएस सर्व्हर तसे तत्काळ सांगून मोकळा होतो आणि प्रवेश खोळंबत नाही. खासगी पत्त्यांविषयीचे जे प्रश्न चुकून बाहेर पडतात, त्यांना असा झटपट नकार देण्यासाठी 'एएस112' या नावाची स्वयंसेवी यंत्रणा जगभर चालविली जाते. विलंब होतो तो मौनामुळे. खात्री करून घेण्यासाठी सर्व्हरवर एका खिडकीत 'टीसीपीडम्प' पोर्ट 53 वर लावून ठेवावा आणि दुसऱ्या संगणकावरून प्रवेश करावा. प्रश्न जाताना दिसले आणि उत्तरे परत येताना दिसली नाहीत, की निदान पूर्ण झाले.

उपायांचा क्रम सांगणे येथे अगत्याचे आहे, कारण व्यवहारात तो बहुधा उलटा लावला जातो. पहिला उपाय म्हणजे डीएनएसचा पत्ताच दुरुस्त करणे. त्याने एसएसएचबरोबर त्या यंत्रावरील टपाल, अद्ययावतीकरण आणि बॅकअप या सर्वांचा वेग सुधारतो. ज्या यंत्रांवर 'सिस्टमडी-रिझॉल्व्हडी' कार्यरत आहे, तेथे वरील फाइल आपोआप लिहिली जाते व हाताने केलेली दुरुस्ती पुसली जाऊ शकते. तेथे 'रिझॉल्व्हसीटीएल' या आज्ञेने स्थिती पाहून मूळ मांडणीत बदल करावा. ते शक्य नसेल, तर नेहमी जोडणी करणाऱ्या मोजक्या संगणकांची नावे 'ईटीसी'मधील 'होस्ट्स' या फाइलीत नोंदवावीत. एसएसएचच्या मांडणीतील 'यूजडीएनएस' ही निवड 'नो' करणे हा त्यानंतरचा उपाय. 2015 मध्ये आलेल्या ओपनएसएसएच 6.8 पासून मूळ आवृत्तीत ती 'नो'च असते; पण जुने सर्व्हर आणि वितरकांनी केलेले फेरफार लक्षात घेता गृहीत धरण्यापेक्षा विचारलेले बरे. 'एसएसएचडी' ही आज्ञा मोठ्या 'टी' या निवडीसह चालविली, की प्रत्यक्ष लागू असलेली संपूर्ण मांडणी छापली जाते. ही निवड बंद करण्याची एक किंमत आहे. ठरावीक नावाच्या संगणकावरूनच प्रवेश द्यावा, असा नावावर आधारलेला निर्बंध किल्ल्यांच्या फाइलीत किंवा मांडणीत घातला असेल, तर तो त्यानंतर लागू पडत नाही. तो अंकी पत्त्याच्या रूपात पुन्हा लिहावा लागतो.

याच कुळातील आणखी एक तक्रार म्हणजे आत गेल्यावर 'सूडो' ही आज्ञा अडखळणे. यंत्राचे स्वतःचे नाव 'होस्ट्स' फाइलीत नसेल, तर 'सूडो' तेही डीएनएसला विचारू लागते. नाव बदललेल्या किंवा प्रतिमेवरून उभारलेल्या सर्व्हरवर हे हटकून आढळते.

ओळख पटविताना

संदेशांची ओळ 'जीएसएसएपीआय' या शब्दापाशी थांबत असेल, तर गुन्हेगार वेगळा आहे. केर्बेरॉस ही एमआयटीत विकसित झालेली मध्यवर्ती ओळखव्यवस्था मोठ्या संस्थांत वापरतात; तिच्यामार्फत प्रवेश करता यावा म्हणून डेबियन, रेड हॅट इत्यादी वितरणे एसएसएचच्या ग्राहक बाजूस ही निवड चालू ठेवून देतात. जेथे केर्बेरॉसच नाही, तेथे ग्राहक त्याचा केंद्रीय सर्व्हर शोधण्यात काही सेकंद दवडतो. आज्ञेतच 'जीएसएसएपीआयऑथेंटिकेशन' ला 'नो' देऊन एकदा प्रवेश करून पाहावा. फरक पडला, तर आपल्या संगणकावरील एसएसएचच्या मांडणीत त्या सर्व्हरपुरती ही निवड बंद करावी. सर्व्हरला हात लावण्याची गरज नाही.

किल्ल्यांच्या गर्दीनेही वेळ जातो. एजंटमध्ये आठ-दहा किल्ल्या साठविलेल्या असतील, तर ग्राहक त्या एकेक करून पुढे करतो. सर्व्हर सामान्यतः 6 प्रयत्नांनंतर जोडणी तोडतो, त्यामुळे योग्य किल्ली सातवी असेल, तर प्रवेशच नाकारला जातो. 'आयडेंटिटीजओन्ली' ही निवड व नेमकी किल्ली नमूद केली, की प्रश्न मिटतो. चुकीचा पासवर्ड दिल्यावर होणारा सुमारे 2 सेकंदांचा विराम मात्र दोष नव्हे. अंदाजाने पासवर्ड शोधणाऱ्यांना अडथळा व्हावा म्हणून तो मुद्दाम ठेवलेला आहे आणि तो काढू नये.

पंचवीस सेकंदांचा विलंब हा स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे, कारण तो फार नेमका असतो. ओळख पटल्यावर लिनक्समधील 'पॅम' ही व्यवस्था 'सिस्टमडी-लॉगइनडी' या सेवेला नव्या सत्राची वर्दी देते. ही वर्दी 'डी-बस' या अंतर्गत संदेशवाहिनीवरून जाते आणि तिच्या उत्तराची वाट पाहण्याची मुदत 25 सेकंदांची असते. अद्ययावतीकरणाच्या ओघात 'डी-बस' पुन्हा सुरू झाली आणि 'लॉगइनडी'चा तिच्याशी संबंध तुटला, तर प्रत्येक प्रवेशाला पुरते 25 सेकंद लागू लागतात. लॉगमध्ये 'फेल्ड टू क्रिएट सेशन' अशी ओळ आढळते. अशा वेळी 'सिस्टमसीटीएल'ने 'लॉगइनडी' ही सेवा पुन्हा सुरू करणे बहुधा पुरेसे होते. विलंब काल नव्हता आणि आज सर्वांनाच सारखा होतो आहे, असे असेल तर ही शक्यता आधी तपासावी.

वाटेतील अडथळे

जोडणीच होण्यास उशीर लागत असेल, तर सर्व्हरच्या नावास आयपीव्ही6 चा पत्ताही जोडलेला आहे का, ते पाहावे. अनेक ठिकाणी हा पत्ता नोंदला गेलेला असतो, पण वाट पूर्ण नसते. ग्राहक प्रथम तोच पत्ता गाठू पाहतो आणि पाकिटे निमूटपणे नाहीशी होत असल्याने थांबून राहतो. लिनक्समध्ये बराच काळ हे फेरप्रयत्न दुप्पट अंतराने होत, आणि पूर्ण निराश होण्यास दोन मिनिटांहून किंचित अधिक वेळ जाई. अलीकडच्या कर्नेलांत अंतरे बदलली असली, तरी मिनिटभराचा खोळंबा सहज होतो. एसएसएचला 'उणे चार' अशी निवड देऊन केवळ आयपीव्ही4 ने जोडणी करून पाहिली, की दुधाचे दूध व पाण्याचे पाणी होते.

पाकिटाच्या आकाराचा दोष अधिक फसवा आहे. इथरनेटवर एका पाकिटाची कमाल मर्यादा 1500 बाइट असते. भारतातील पुष्कळ ब्रॉडबँड जोडण्या पीपीपीओई पद्धतीने चालतात आणि तीत 8 बाइट वेष्टनात खर्च होऊन 1492 उरतात. व्हीपीएन वापरल्यास आणखी घट होते. वायरगार्डची नेहमीची मर्यादा 1420 आहे. मोठे पाकीट पुढे जाऊ शकत नाही, अशी सूचना मधल्या राउटरने पाठवायची असते; पण सुरक्षेच्या भ्रामक कल्पनेने कोणी आयसीएमपीचे सर्व संदेश अडविले असतील, तर ती सूचना पोचत नाही. परिणामी लहान पाकिटे सुखरूप जातात, जोडणी झाल्याचे दिसते, आणि किल्ल्यांच्या देवाणघेवाणीत पहिले मोठे पाकीट निघताच सारे गोठते. क्वांटम संगणकांपासून संरक्षण देणाऱ्या नव्या किल्ल्यांमुळे हे प्रसंग आता अधिक दृष्टीस पडू लागले आहेत. एप्रिल 2022 मधील ओपनएसएसएच 9.0 पासून अशी संमिश्र पद्धत मूळ निवड झाली, आणि एप्रिल 2025 मधील 10.0 ने एमएल-केईएम 768 वर आधारित पद्धत स्वीकारली. तिच्या सार्वजनिक किल्लीचा आकारच 1184 बाइट आहे. त्यामुळे 'ग्राहक अद्ययावत केला आणि जुना सर्व्हर लागेनासा झाला' या तक्रारीचे मूळ कित्येकदा सर्व्हरमध्ये नसून मधल्या राउटरमध्ये असते. 'पिंग'ला तुकडे न करण्याची सूचना व 1472 हा आकार देऊन पाहावे. 28 बाइटांच्या शीर्षकासह ते बरोबर 1500 होतात. हे जात नसेल व 1400 जात असेल, तर राउटरवर एमएसएस मर्यादित करण्याची सोय लावावी आणि आयसीएमपीची ती सूचना खुली करावी. नवी किल्लीपद्धत बंद करून तात्पुरती वाट निघते, पण तो रोग्याऐवजी तापमापक बदलण्याचा प्रकार आहे.

अंतर हा दोष नव्हे, तरी त्याचा हिशेब ठेवावा लागतो. प्रवेशाच्या क्रियेत दोन यंत्रांमध्ये अनेक फेऱ्या होतात. पणजी किंवा इंदूरहून अमेरिकेतील सर्व्हरपर्यंत एक फेरी 200 मिलिसेकंदांची धरली आणि अशा दहा फेऱ्या झाल्या, तर 2 सेकंद केवळ प्रवासात गेले. त्यांस मांडणीतील कोणतीही किमया कमी करू शकत नाही. मात्र 'कंट्रोलमास्टर' व 'कंट्रोलपर्सिस्ट' या निवडींनी एकदा झालेली जोडणी उघडी ठेवून पुढील प्रवेश तिच्यातूनच नेता येतात. बॅकअपसाठी दर काही मिनिटांनी आपोआप प्रवेश करणाऱ्या आज्ञावलींना याचा मोठा लाभ होतो.

दार ओलांडल्यावर

ओळख पटूनही शेल उशिरा मिळत असेल, तर संशयितांची संख्या वाढते, पण ते सापडण्यास सोपे असतात. उबुंटूमध्ये प्रवेशाच्या वेळी दिसणारा स्वागतसंदेश अनेक छोट्या आज्ञावली चालवून रचला जातो. त्यांतील एखादी डिस्क किंवा जाळे चाचपडत बसली, की सारे थांबतात. वापरकर्त्याची गृहनिर्देशिका एनएफएसद्वारे दुसऱ्या यंत्रावरून येत असेल आणि ते यंत्र बंद असेल, तर विलंब अनिश्चित काळ लांबू शकतो, कारण किल्ल्यांची फाइलसुद्धा तेथेच असते. 'बॅशआरसी'मध्ये वर्षानुवर्षे साचलेल्या ओळी हेही एक कारण. पायथन वा नोडच्या आवृत्त्या सांभाळणारी साधने तेथे आपली भर घालतात आणि प्रत्येक जण सेकंदाचा काही भाग खातो.

या गटातील एक कारण सुरक्षेशी जोडलेले असल्याने त्याकडे अधिक लक्ष द्यावे. अयशस्वी प्रवेशांची नोंद लिनक्समध्ये 'बीटीएमपी' नावाच्या फाइलीत होते. रेड हॅट घराण्यातील यंत्रणांत प्रवेशाच्या वेळी 'मागील प्रवेशानंतर इतके अयशस्वी प्रयत्न झाले' असा संदेश दाखविण्यासाठी ही फाइल वाचली जाते. पोर्ट 22 इंटरनेटवर उघडा असलेल्या सर्व्हरवर स्वयंचलित आज्ञावली अहोरात्र पासवर्ड लावून पाहत असतात. फाइल वेळोवेळी फिरविली जात नसेल, तर ती प्रचंड फुगते आणि ती वाचण्यातच वेळ जातो. त्याच वेळी दुसराही परिणाम घडतो. ओळख न पटलेल्या जोडण्या 10 च्या वर गेल्या, की मूळ मांडणीनुसार सर्व्हर नव्या जोडण्यांपैकी 30 टक्के नाकारू लागतो आणि 100 ला सर्वच नाकारतो. त्यामुळे प्रवेश कधी मिळतो, कधी मिळत नाही. फाइल रिकामी करून वेग परत येईल, पण हल्ला चालूच राहील. पासवर्डने प्रवेश बंद करून केवळ किल्लीने तो द्यावा, आणि शक्य असल्यास पोर्ट 22 व्हीपीएनच्या आड न्यावा.

अर्ध्या सेकंदाची कथा

संथ प्रवेशाकडे केवळ गैरसोय म्हणून पाहू नये, याचे आजवरचे सर्वांत ठळक उदाहरण 2024 मधील आहे. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसचे एक विकासक व मायक्रोसॉफ्टमधील अभियंते आंद्रेस फ्रॉइंड हे डेबियनच्या विकासाधीन आवृत्तीवर वेगाच्या सूक्ष्म चाचण्या करीत होते. त्यांना एसएसएचच्या प्रक्रिया अपेक्षेपेक्षा जास्त प्रोसेसर वापरताना आढळल्या, तेही प्रवेश अयशस्वी होत असताना. त्यांनी वेळ मोजली. पूर्वी 0.299 सेकंदांत संपणारी फेरी आता 0.807 सेकंद घेत होती. या अर्ध्या सेकंदाचा माग काढीत ते 'एक्सझेड' या माहिती संकोचनाच्या संचातील 'लिबएलझेडएमए' ग्रंथालयापर्यंत पोचले, आणि तेथे त्यांना हेतुपुरस्सर दडवलेले चोरदार सापडले. 29 मार्च 2024 रोजी त्यांनी ते जाहीर केले.

'जिया तान' या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ त्या प्रकल्पात काम करून विश्वास संपादन केला होता आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत हा कोड घुसविला होता. मूळ ओपनएसएसएच या ग्रंथालयावर अवलंबून नाही. परंतु काही वितरणांनी 'सिस्टमडी'ला सूचना देण्यासाठी केलेल्या जोडकामामुळे ते एसएसएचच्या सर्व्हरमध्ये ओढले जात असे. विशिष्ट गुप्त किल्ली ज्याच्यापाशी असेल, त्याला ओळख न पटविता अशा सर्व्हरवर हव्या त्या आज्ञा चालविता आल्या असत्या. सदोष आवृत्त्या प्रमुख वितरणांच्या स्थिर शाखांत उतरण्यापूर्वीच हे उघडकीस आले. फ्रॉइंड यांच्यापाशी पूर्वीच्या वेळेचा आकडा नसता, तर नव्या आकड्यास काहीच अर्थ आला नसता. म्हणूनच सर्व्हर निरोगी असताना 'टाइम'ची चाचणी घेऊन तो आकडा दिनांकासह नोंदवहीत लिहून ठेवावा, आणि मोठ्या अद्ययावतीकरणानंतर पुन्हा मोजावा. या कामास मिनिटभरही लागत नाही. तरीही ते क्वचितच कोणी करते.

बदल करताना

एसएसएचची मांडणी बदलताना स्वतःच बाहेर कोंडले जाण्याचा धोका असतो. सर्व्हर शंभर मैलांवरील डेटा सेंटरमध्ये असेल, तर हा धोका महागात पडतो. त्यामुळे मूळ फाइलीची प्रत आधी बाजूला ठेवावी आणि एका वेळी एकच ओळ बदलावी. सविस्तर तपासणी हवी असल्यास चालू सेवेला धक्का न लावता 'एसएसएचडी'ची दुसरी प्रत 2222 सारख्या वेगळ्या पोर्टवर तपासणीच्या अवस्थेत चालवावी. ती एक जोडणी हाताळून आपोआप संपते आणि त्या एका प्रवेशाची सर्व्हरच्या बाजूची सारी हकिगत पडद्यावर देते. बदलानंतर 'एसएसएचडी' लहान 'टी' या निवडीसह चालवून फाइलीतील व्याकरण तपासावे. मगच सेवेला नवी मांडणी वाचण्यास सांगावे. या काळात आधीपासून उघडी असलेली खिडकी तशीच ठेवावी, कारण झालेली जोडणी सेवेने मांडणी पुन्हा वाचल्याने तुटत नाही. दुसऱ्या खिडकीतून नवा प्रवेश करून पाहावा, त्यास लागलेला वेळ जुन्या आकड्याशी ताडावा, आणि त्यानंतरच पहिली खिडकी बंद करावी.